समोरच्या काकूंची पसंती

बिबवेवाडीतल्या आमच्या जुन्या बिल्डिंगमधला एकही फ्लॅट समोरच्या काकूंच्या पसंतीशिवाय विकला गेलेला नाही. मालक सही करतो, बँक कर्ज देते, रजिस्ट्रार अंगठा घेतो, पण हे सगळं नंतरचं. आधी काकूंची मान हलावी लागते. ती उभी हलली तर व्यवहार झालाच म्हणून समजा, आणि आडवी हलली तर खुद्द ब्रह्मदेव टोकन घेऊन आला तरी जिन्यावरूनच परत जायचा. काकूंकडे एजंटाचं लायसन नव्हतं, सोसायटीच्या कमिटीवर त्या कधी नव्हत्या, वार्षिक सभेलाही त्या फक्त चहा गाळायला जात. त्यांच्याकडे होतं ते एवढंच : दुसऱ्या मजल्यावर आमच्या दारासमोर त्यांचं दार, त्या दारात एक वेताची खुर्ची, आणि सकाळी दूधवाला आल्यापासून दिवेलागणीपर्यंत सताड उघडं राहणारं लाकडी दार. जिना चढणारा प्रत्येक माणूस त्या खुर्चीच्या नजरेखालून जायचा. कुरिअरवाल्यांनासुद्धा तिथे आल्यावर आपला शर्ट खोचलेला आहे का, हे पाहावंसं वाटे.

आता फ्लॅट बघायला आलेला माणूस काय करतो? आतून घर बघून झालं, गॅलरीतून खाली वाकून झालं, की हमखास शेजारच्या दारात डोकावतो आणि विचारतो, “पाणी कसं आहे हो इथे?” पुण्यात हा प्रश्न स्थळाच्या चौकशीसारखा असतो. घरचे सांगतील त्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, शेजाऱ्यांनी सांगावं लागतं. आणि काकू सांगत. माणूस मनात भरला नाही तर त्या एक सुस्कारा सोडून म्हणत, “पाणी? येतं की. कधी कधी येतं.” माणूस मनात भरला तर तेच पाणी, त्याच नळाचं, एकदम बदलून जाई. “अहो, खडकवासला आपल्यासाठीच बांधलाय!” पश्चिमेच्या खिडकीचंही तेच. नावडत्याला तिथून “दुपारी नुसती भट्टी” यायची आणि आवडत्याला “वाळवणाला सोन्यासारखं ऊन”. काकू खोटं कधीच बोलल्या नाहीत. खरं कुणाला कोणत्या बाजूने वाढायचं, एवढंच त्या ठरवत.

पण मनात भरणं न भरणं ठरायचं ते डब्यावर. काकूंकडे थालीपिठाच्या भाजणीचा एक जुना, जाड स्टीलचा डबा होता. पाण्याचं विचारायला आलेल्याला त्या आत बोलवत, चहा टाकत आणि सहज सुचल्यासारखं म्हणत, “जरा एवढं झाकण उघडून देता का? फार घट्ट बसलंय मेलं.” मग त्या चहाच्या आधणाकडे बघत उभ्या राहत, पण कान डब्याकडे असत. काही लोक डबा हातात न घेताच “गरम पाण्याखाली धरा” असा सल्ला देत. काही जण घड्याळ बघत. एका गृहस्थांनी खाली गाडीत बसलेल्या ड्रायव्हरला फोन करून वर बोलावलं होतं. काकूंनी ड्रायव्हरला चहा दिला, गृहस्थांना गॅलरीत घाण करणाऱ्या कबुतरांविषयी माहिती दिली. आम्ही राहायला आल्यावर वर्षभराने एकदा, खाली एजंटाची मोटारसायकल थांबल्याचा आवाज झाला आणि मी गॅलरीतून सहज वळून समोरच्या उघड्या दारातून पाहिलं, तर काकू खलातला बत्ता घेऊन डब्याच्या झाकणावर दणादणा हाणत होत्या. झाकण आपणहून घट्ट बसत नव्हतं तर!

आमची परीक्षा मला लख्ख आठवते. लग्नाला चार-सहा महिने झाले होते, घर आवडलं होतं, बजेट तोकडं होतं. नवऱ्याने डबा पोटाशी धरला, दात-ओठ खाल्ले आणि झाकण असं काही उपसलं की भाजणीचा एकच लोट उठला. एजंट पांढरा, नवरा पांढरा, चहा भाजणीचा. मला हसू आवरेना. नवऱ्याने मात्र कोपऱ्यातली केरसुणी उचलली आणि काकूंचं स्वयंपाकघर झाडायला घेतलं. काकूंनी त्याला विचारलं, “काय करता?” तो म्हणाला, “इंजिनिअर आहे.” काकू म्हणाल्या, “वाटलंच.” त्या दिवसापासून तो त्यांचा ‘इंजिनिअर’ झाला, आणि घर आमचं.

वरच्या मजल्यावर वर्ध्याकडचं एक कुटुंब आलं, तेव्हा कमिटीतले एक सद्गृहस्थ जिन्यात काकूंना हळूच विचारत होते, “आडनाव काय म्हणाले हो ते?” काकू सगळ्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “आडनावाने झाकण उघडत नाही. त्यांनी उघडलं.” त्या घरातून दर वर्षी आंबेडकर जयंतीला बिल्डिंगभर खीर जाते, आणि तिची वाट आता सगळ्यात आधी ते सद्गृहस्थच बघतात. असा एकेक फ्लॅट काकूंनी निवडून भरला. आजूबाजूच्या लिफ्टवाल्या, पार्किंगवाल्या बिल्डिंगांचे भाव चढत होते आणि आमच्याकडे लिफ्ट नव्हती, रंग उडाला होता, पार्किंग म्हणजे देवाची कृपा. पण आमच्याकडे कुणाच्या घरी पाहुणे आले तर गाद्या तीन घरांतून यायच्या आणि कुकरची शिट्टी कुणी ना कुणी मोजत असायचं. या गोष्टीला स्क्वेअर फुटाला काय भाव, ते एजंटांना सांगता येत नसे.

मग आमच्यावरच वेळ आली. नवऱ्याचं ऑफिस खराडीला. रोजच्या जाण्यायेण्यात त्याची पाठ धरायला लागली, माझीही नोकरी तिकडेच बदलली. आम्ही खराडीत एका टॉवरमध्ये घर बुक केलं आणि दिवाळीच्या आत बिबवेवाडीचं विकून बिल्डरचे पैसे भरायचे ठरवलं. नाही भरले तर ते घर हातचं जाणार होतं. काकूंना सांगितलं तेव्हा त्या फक्त “बरं” म्हणाल्या. तेवढ्यावरून मी सावध व्हायला हवं होतं.

पहिलं गिऱ्हाईक आलं. काकूंचा निकाल : “आई चांगली आहे, पण मुलगा फोनवरून डोळे उचलत नाही.” दुसरं आलं. “फार गोड बोलतात. एवढं गोड घरात बरं नाही, मुंग्या लागतात.” तिसऱ्यांना त्यांनी आमच्या बाथरूमच्या भिंतीला कोणे एके काळी आलेल्या ओलीची साद्यंत हकिकत सांगितली, प्लंबरच्या स्वभावासकट. गणपती गेले, नवरात्र तोंडावर आलं. एजंट काकुळतीला येऊन म्हणाला, “मॅडम, फ्लॅट एक नंबर आहे तुमचा. फक्त ते समोरच्या आजींना दोन तास देवळात पाठवता येईल का?” आम्ही तेही केलं. वरच्या वर्ध्याच्या कुटुंबातल्या लेकीने काकूंना रिक्षात घालून देवदर्शनाला नेलं. गिऱ्हाईक जिन्यात आणि काकू परत हजर! “एवढ्यात झालं दर्शन?” मी विचारलं. काकू धापा टाकत म्हणाल्या, “देव म्हणाला, घरी काम असेल तुला, जा.”

त्या संध्याकाळी माझा संयम सुटला. काकू भाजणीचं धान्य भाजत होत्या. मी दारातूनच म्हणाले, “काकू, तुम्ही आम्हाला घर विकू देणार आहात की नाही?”

“विक की. घर तुमचं आहे,” काकू कढईतून नजर न काढता म्हणाल्या, “शेजार माझा आहे.”

“म्हणजे?”

“म्हणजे तू जाशील खराडीला. मी इथेच आहे. तू गेलीस की या दाराला उभं राहून हाक कुणाला मारायची, ते मला नको बघायला?”

माझा राग जागच्या जागी विरला. काका गेल्यापासून काकू एकट्याच होत्या. मुलगा बंगळुरूला, बिचारा रोज फोन करायचा, पण फोनला कडी उघडता येत नाही. एकदा काकू बाथरूममध्ये पाय घसरून पडल्या होत्या, तेव्हा त्यांनी आतून मारलेली पहिली हाक आमच्या नावाची होती, आणि इंजिनिअरने दाराची कडी तोडून त्यांना बाहेर काढलं होतं. आम्ही विकायला काढलं होतं ते आमचं दोन खोल्यांचं घर होतं, पण काकूंच्या दृष्टीने ती त्यांच्याच घराची उरलेली बाजू होती. मला एकदम रडू फुटलं. काकू म्हणाल्या, “रडायचं तर बाहेर जाऊन रड गं, धान्य ओलं होईल.” पण पदर त्यांनीही डोळ्याला लावला.

पुढच्याच रविवारी एक गृहस्थ आले. मागितली ती किंमत कबूल, टोकन खिशात. काकूंनी दारातूनच विचारलं, “राहायला कधी येताय?” ते म्हणाले, “राहायला नाही हो आजी. इन्व्हेस्टमेंट. कुलूप लावून ठेवायचं, बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली की बघू.” काकूंनी डबा काढला नाही. पाण्याचा विषयही काढला नाही. नावडत्या माणसासमोर त्या गप्प बसल्याचं मी प्रथमच पाहिलं. ते खाली उतरल्यावर काकू म्हणाल्या, “आता तू ठरव. तुमची अडचण मला कळते. पण कुलपाला मला हाक नाही मारता येणार गं.”

त्याच दुपारी एजंटाने अकोल्याकडचं एक जोडपं आणलं, बरोबर मुलीची आई. मुलगी नर्स, मुलगा कारखान्यात. काकूंनी डबा पुढे केला. आधी जावयाने ओढला, मग मुलीने, मग आई पदर खोचून पुढे झाली आणि तिघांच्या ओढाताणीत झाकण सुटून थेट टांगलेल्या झाऱ्यावर आदळलं. भाजणी सर्वत्र. आई खाली बसून सांडलेली भाजणी भरता भरता चिमूटभर जिभेवर ठेवून म्हणाली, “धने कमी पडले बाई तुमच्यात.”

काकूंच्या भाजणीला नावं ठेवणारा माणूस अजून जन्मायचा होता.

“कमी?” काकू त्यांच्या शेजारी फरशीवर बसल्या. “किती घालता तुम्ही?”

त्या दोघी तासभर धन्यांवरून भांडल्या. एजंटाचा चहा दोनदा झाला. शेवटी काकूंनी वर पाहून आपणहून सांगितलं, “पाण्याची काळजी करू नका. पाणी भरपूर आहे.” त्याचा अर्थ मला ठाऊक होता.

त्यांची किंमत मात्र कुलूपवाल्यापेक्षा बरीच कमी होती. नवरा संध्याकाळभर मोबाईलवर आकडे करत बसला, मग उठून समोर गेला. “काकू, खरं सांगा, आमच्या वेळी काय झालं होतं?”

“तुमच्या वेळीही होताच की एक कुलूपवाला,” काकू म्हणाल्या. “तुमच्यापेक्षा जास्त देत होता. मालकांना मी आठ दिवस जेवू दिलं नाही सुखाने.”

नवऱ्याने तिथूनच एजंटाला फोन लावला आणि अकोलेकरांना होकार कळवला. खराडीच्या घरातलं मॉड्युलर किचन त्यामुळे लांबलं. ते अजून लांबलेलंच आहे, आणि त्याबद्दल मी नवऱ्याला एका शब्दाने बोललेले नाही.

निघायच्या दिवशी टेम्पो भरून झाला, जिन्यात सगळी बिल्डिंग उभी होती. काकूंनी माझ्या हातात तो डबा ठेवला, ताज्या भाजणीने भरलेला. मी म्हटलं, “अहो काकू, हा कशाला? तुम्हाला लागेल.”

“मला नको आता,” त्या म्हणाल्या. “माझा शेजार लागला. तुमचा लागायचाय अजून.”

खराडीचं घर छान आहे. बाराव्या मजल्यावर वारा भन्नाट येतो, लिफ्ट आहे, पार्किंग आहे, बेल वाजवणाऱ्याचा चेहरा आतल्या आत स्क्रीनवर दिसतो. फक्त बेल कुणी वाजवत नाही. मजल्यावर चार दारं, चारही सदा बंद, आणि समोरच्या दाराला आम्ही आल्यापासून कुलूप. किंमत दर वर्षी वाढते म्हणे त्या कुलपाची. काकूंचा रविवारी फोन येतो. अकोल्याच्या आजी लेकीबरोबर तिथेच राहिल्या आहेत, त्यांनी धने वाढवायला लावले, काकूंनी कबूल केलेलं नाही पण वाढवले आहेत. फोन ठेवताना काकू न चुकता विचारतात, “समोर कुणी आलं का गं?” मी नाही म्हणते, आणि पलीकडून तो जुना सुस्कारा ऐकू येतो, कधी कधी पाणी येणाऱ्या नळाचा.

काल सकाळी लिफ्ट थांबल्याचा आवाज आला. मी स्क्रीनवर पाहिलं. एजंटासारखा दिसणारा एक माणूस समोरचं कुलूप उघडत होता, मागे एक तरुण जोडपं, मुलीच्या कडेवर झोपलेलं बाळ. नवरा घरून काम करत मीटिंगमध्ये होता. त्याने हेडफोन काढून विचारलं, “काय आवाज आहे हा?”

मी ओट्यापाशी उभी राहून बत्त्याने डब्याचं झाकण ठोकत होते. चहाचं आधण ठेवलं, आणि घराचं दार सताड उघडलं.