घारीचा मुहूर्त

नाव: श्रीमती उल्का दिगंबर सोवनी. राहणार: नारायण पेठ, पुणे. व्यवसाय: टेलिफोन खात्यातून निवृत्त. ओळखीची खूण: उजव्या मनगटावर नखांचे ओरखडे, जुने व ताजे. ताब्यातील वन्यजीव: घार, नग एक. ठेवण्याचे ठिकाण: न्हाणीघर. प्रशिक्षण: निरंक. अभिप्राय: सदर बाईंचा हेतू चांगला आहे. सदर पक्षी यापुढे उडण्यास असमर्थ आहे.

हा अहवाल सत्त्याऐंशी सालच्या ज्येष्ठात वनखात्याच्या एका साहेबांनी न्हाणीघराच्या दारात उभं राहून लिहिला. आत जाऊन लिहिला असता तर त्यांनाही ओळखीची खूण मिळाली असती.

घार आली होती संक्रांतीला, पंखात मांजा घेऊन. डॉक्टरांनी जखम शिवली, हाड बसवलं. छाटली गेलेली पिसं मात्र शिवता येत नाहीत, ती नवी फुटायची वाट पाहावी लागते. तेव्हापासून उल्काताईंचे यजमान दिगंबरराव पंचा खांद्यावर टाकून शेजारी अंघोळीला जात. "घरात पाहुणी आहे," एवढंच सांगत. पाडवा झाल्यावर शेजारी विचारू लागले, "अजून?"

साहेब तसे भले होते. म्हणाले, "मॅडम, मी तुळशीच्या लग्नापर्यंत थांबतो. तोवर उडाली तर आनंदच आहे. नाहीतर पिंजरा घेऊन येईन. मग कायमचं पक्षिगृह. नियम आहे."

"नियम तिला वाचून दाखवा," उल्काताई म्हणाल्या. "माझं ती ऐकत नाही."

साहेब गेल्यावर मात्र त्या बराच वेळ न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसून राहिल्या. आत घार बंबावर बसली होती आणि भिंतीकडे पाहत होती. आभाळात दिवस काढणाऱ्या जिवाला आयुष्यभर भिंत बघायला लावायची, हे त्यांना काही केल्या पटेना. आषाढात पिसं आली, छान आली. पण न्हाणीघरात पंख उघडला की एक टोक मोरीला लागे आणि दुसरं साबणाच्या वडीला. इतक्या जागेत उडायला डासच हवा.

चौकातल्या मंडळाच्या वार्ताफलकावर रोज सकाळी खडूने लिहिण्याचं काम निवृत्तीनंतर उल्काताईंकडे आलं होतं. वरच्या अर्ध्यात पाणीपुरवठा आणि निधनवार्ता असत. खालचा अर्धा भाग त्यांनी हळूहळू बळकावला होता. त्यावर मथळा: 'जखमी पशुपक्ष्यांची शुश्रूषा करणाऱ्यांसाठी वार्ता आणि संधी'. खाली मजकूर असा: 'वार्ता: शनिवारी आलेलं घुबड शुद्धीवर आहे. आणणाऱ्यांनी सोबत दिलेलं दूध मांजराला पोचलं. घुबडं दूध पीत नाहीत. संधी: दोन खारींच्या पिल्लांसाठी घर हवे. कापूस आम्ही देऊ. धीर आपला आणावा.' लोक वाचत, हसत आणि पुढे जात. पण दहा-पंधराजण हसून परतही येत, आणि पेठेतल्या माळ्यांवर, गच्च्यांवर अशा रीतीने बरेच जीव बरे होत होते.

पिसं आल्यावर एका सकाळी त्यांनी लिहिलं: 'संधी: घारीला उडण्याच्या सरावासाठी लांब, उंच, रिकामी जागा हवी. भाडे मिळणार नाही. घाण होईल.'

"ह्ये लिवणारी बाई कोण?" मागून आवाज आला. फेटा बांधलेले, धिप्पाड गृहस्थ. कसब्यात तांब्याचे हंडे घ्यायला आलेले.

"मीच. शुद्धलेखनाची चूक आहे का?"

"न्हाय. माझ्याकडं हॉल हाय."

हे कर्वेनगरचे आप्पासाहेब. गावाचं नगर झालं तेव्हा त्यांनी ज्वारीच्या रानात मंगल कार्यालय बांधलं होतं. आता चातुर्मास लागला होता. मुहूर्त नाहीत, त्यामुळे लग्नं नाहीत, आणि भल्यामोठ्या हॉलात आढ्यावर पारवे तेवढे संसार करत होते.

"पंगतीत वरनं प्रसाद पडतोय बगा. तुमची घार पारवं हाकलंल का?"

"हाकलेल. पावती मिळणार नाही."

"तुळशीच्या लग्नापत्तूर ऱ्हाऊ द्या. त्याच दिशी आमचं पयलं कार्य असतंय, दरसालचं. मग मात्र हॉल मोकळा पायजे."

घार रिक्षातून कर्वेनगरला गेली. तिला परत आणावं लागलं तर म्हणून न्हाणीघर मात्र उल्काताईंनी राखीवच ठेवलं. पारवे तिला पाहताच पसार झाले. ती उडत नाही हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

आणि ती खरंच उडेना. उल्काताई हॉलच्या एका टोकाला तिला ठेवत आणि दुसऱ्या टोकाला मटणाचा तुकडा. घार चालत जाई. वरपक्षाच्या खोलीपासून वधूपक्षाच्या खोलीपर्यंत, मानपानाला उणं पडलेल्या आत्याबाईसारखी, मान ताठ ठेवून. तुकडा सज्ज्यात ठेवला तर ती जिना चढून सज्ज्यात गेली. पंख धडधाकट होते, उघडून झटकायची, ऊन खायची. पण उडायचं कशाला, हा प्रश्न तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसे.

"बाई, हिला पेन्शन लागलीया," आप्पासाहेब म्हणाले.

उल्काताई हसल्या नाहीत. दसरा झाला, दिवाळी झाली.

तुळशीच्या लग्नाच्या संध्याकाळी साहेब पिंजरा घेऊन आले. घार नेहमीप्रमाणे जिना चढून सज्ज्याच्या कठड्यावर बसली होती. "कार्य उरकू द्या मग धरा," आप्पासाहेबांनी सांगितलं. साहेब चपला काढून बसले. उल्काताईंना अक्षता दिल्या, त्या त्यांनी मुठीत तशाच धरून ठेवल्या. तुळस नटली होती, ऊस उभे होते, पलीकडे बाळकृष्ण, मधे अंतरपाट. तुळशीला बांधलेल्या जरीच्या मुंडावळ्या दिव्यांत चमचमत होत्या.

उल्काताईंचं लक्ष फक्त वर होतं. घारीची मान तिरकी झाली. ती एका पायावरून दुसऱ्या पायावर आली.

"शुभमंगल..." भटजींनी सूर लावला.

"सावधान" म्हणायची गरज उरली नाही. कठड्यावरून एक तपकिरी वावटळ सुटली, अंतरपाटाच्या वरून आली आणि तुळशीची मुंडावळी उपटून गेली. भटजी खाली बसले. घार जमिनीवर उतरली नाही. पंखांचे दोन जबरदस्त फटके मारून ती आढ्यापर्यंत चढली, वळली, आणि उघड्या दारातून, सनईवाल्याच्या डोक्यावरून, नारिंगी आभाळात निघून गेली. नखांतली जर शेवटपर्यंत चमकत होती.

मग उल्काताईंनी मुठीतल्या अक्षता दाराच्या दिशेने उधळल्या, आणि सगळा हॉल टाळ्या पिटू लागला. वाजंत्रीवाल्यांना वाटलं लग्न लागलं. त्यांनी जोरात सुरू केलं.

"खाण्यासाठी चालत जाता येतं," उल्काताई डोळे पुसत साहेबांना म्हणाल्या. "घर सजवायला मात्र उडावं लागतं. घरटी बांधायचे दिवस आलेत, हे मला आधी कळायला हवं होतं."

"तुळशीचं काय?" भटजींनी विचारलं.

"तिची करवली गेली म्हणा," आप्पासाहेब म्हणाले. "लावा पुढं."

साहेबांचा पिंजरा रिकामा परत गेला नाही. आप्पासाहेबांनी त्यात ऊस घालून दिले.

दुसऱ्या दिवशी फलकावर होतं: 'वार्ता: घार उडाली. संधी: न्हाणीघर रिकामे आहे.' दिगंबररावांनी ते वाचलं आणि घाईघाईने घरी जाऊन अंघोळ केली. दुपारी कोणीतरी बगळा आणून दिला.

साहेबांच्या अहवालात दुरुस्तीचा रकाना नव्हता. त्यामुळे सदर पक्षी कागदोपत्री आजही उडण्यास असमर्थ आहे. त्या माघात कार्यालयामागच्या निलगिरीच्या शेंड्यावर घारीने दोन पिल्लं काढली. घरट्यात काटक्या, चिंध्या आणि एक मुंडावळी होती.