स्कायवरचे अनोळखी गृहस्थ

गाढवपणा माझ्या हातून नेहमीच होतो, पण सख्ख्या बापाला 'नाइस टु मीट यू' म्हणण्याचा पराक्रम मी एकदाच केलाय. थांबा, हसू नका, आधी ऐकून तर घ्या.

तेव्हा आम्ही स्कॉटलंडमध्ये एडिनबरात राहायचो आणि मला सायकलचं वेड लागलं होतं. अरन, मल आणि स्काय ही ज्वालामुखीची तीन बेटं सायकलवर पार करायची, मध्ये समुद्र लागला की फेरीबोट, असा एक हौशी कार्यक्रम असायचा. तंबू, कपडे, पंक्चरचं सामान, सगळं आपलं आपण वाहायचं आणि टप्प्याटप्प्यावर कार्डावर शिक्का घ्यायचा. दुकानातून काय हवं ते विकत घ्या, वाटेत परक्याने आपणहून काही दिलं तरी चालेल, पण घरच्या माणसाकडून पाण्याचा घोट जरी घेतला तरी बाद. आदल्या वर्षी मी मलवरच ढेपाळून परत आलो होतो. त्यामुळे या खेपेला काहीही होवो, पूर्ण करायचंच होतं.

बाबा नुकतेच साताऱ्याहून आले होते. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच. त्यांना नियम सांगितला, तर म्हणाले, "घरच्यांनी खायला घालायचं नाही? हा कसला खेळ?" आणि गप्प बसले. बाबा गप्प बसले म्हणजे त्यांना पटलेलं नाही, हे मला पस्तिशीतही कळलं नव्हतं.

तर स्काय. काळ्या कातळाचे थर अगदी आपल्या घाटासारखे, फक्त गारठा तिथला. रविवार, म्हणून गावातलं एकुलतं एक दुकान बंद. समोरून वारा, वरून पाऊस, पोटात सकाळचं अर्धं बिस्किट. चढ संपला तिथे बसस्टॉपच्या आडोशाला आमच्या कार्डांवर शिक्के मारणारी फियोना बसली होती. आणि तिच्या शेजारी कानटोपी घालून, मांडीवर स्टीलचा उघडा डबा घेऊन, बाबा! बायकोने त्यांना आदल्या दिवशी बसमध्ये बसवून दिलं होतं, हे मला नंतर कळलं.

डब्यातले लाडू दिसत होते, पण फियोनाच्या हातातला शिक्का जास्त दिसत होता. बाबा तोंड उघडणार एवढ्यात मी हात पुढे केला आणि म्हणालो, "गुड आफ्टरनून, सर. नाइस टु मीट यू."

बाबांनी कानटोपी सारखी केली. मग गंभीरपणे माझा हात हातात घेऊन म्हणाले, "सेम टु यू. फ्रॉम विच कंट्री?"

"इंडिया."

"व्हेरी नाइस कंट्री. टेक लाडू."

डिंकाचे होते. आईसारखे वळता आले नव्हते, हातात फुटत होते, पण जायफळ मात्र तिच्याच अंदाजाने घातलेलं. मी मान खाली घालून खात राहिलो, कारण वर बघितलं असतं तर रडलो असतो.

इथवर सगळं सुरळीत होतं. मग निघायची वेळ झाली आणि मी हेल्मेटसकट वाकून बाबांना नमस्कार केला. मी नाही हो केला, कंबरेने केला. घरातून निघताना इतकी वर्षं वाकतेय, तिला काय नियम ठाऊक? बाबांचाही हात आपसूक माझ्या पाठीवर आला.

फियोनाने विचारलं, तुमच्याकडे अनोळखी माणसाला असंच करतात का? म्हटलं, "हो तर. जो जो मदत करेल, त्याला."

तिने माझ्या कार्डावर शिक्का मारला, कार्ड माझ्या हातात दिलं आणि चिखलाने माखलेले आपले बूट शांतपणे थोडे पुढे केले.

करतो काय? वाकलो.

तेव्हा मात्र तिला हसू आवरेना. म्हणाली, हे गृहस्थ सकाळपासून इथे बसून येणाऱ्या प्रत्येक सायकलवाल्याला लाडू देताहेत. जे सगळ्यांना मिळतं, ते नियमात बसतं. शिवाय प्रत्येकाला तुझा फोटो दाखवून विचारताहेत, माझा मुलगा मागे कुठे दिसला का, काही खाल्लंय का त्याने?

"हे तुझे वडील आहेत, हे सगळ्यांना माहीत आहे," ती म्हणाली. "फक्त तुलाच ते ओळखू आले नाहीत."

शेवटी बाबांनीच माझी बाजू सावरली.

"डोन्ट माइंड, मॅडम," ते म्हणाले. "भूक लागली की तो लहानपणापासून कुणालाच ओळखत नाही."