येसाजीचा अबोला

पोशीरचा येसाजी रागावला की सगळ्या आळीला कळायचं. पाणी द्यायला उशीर झाला तरी आरडाओरडा, आणि पान खाल्लं की लगेच हसून मोकळा. असा माणूस सत्त्याऐंशी साली गप्प होत गेला, तेव्हा त्याची बायको चंद्राबाई धास्तावली.

तिच्या लेखी कारण उघड होतं. धाकटी बहीण मैना विधवा झाली आणि चंद्राबाईनं नवऱ्याला न विचारताच तिला घरी आणलं. तेव्हा तो "असू दे" म्हणाला खरा, पण पुढे त्याचा चेहरा दगडासारखा झाला. हसणं नाही, रागावणं नाही. बोललाच तर तोंडातल्या तोंडात. भाताची झोडणी उरकली की मैनेला परत सासरी धाडायचं, असं चंद्राबाईनं जड मनानं ठरवलं. त्या सासरी मैनेला कुत्रंसुद्धा विचारणार नव्हतं.

मग येसाजीचा उजवा हात कापायला लागला. डोक्यात गाठ तर नाही ना, ते बघायला कर्जतच्या डॉक्टरांनी मुंबईला पाठवलं. तिथल्या एक डॉक्टरबाई कंपवाताच्या रोग्यांच्या मेंदूचे फोटो काढून अभ्यास करत होत्या. येसाजीला त्यांनी मोठ्या नळकांड्यासारख्या यंत्रात निजवलं. मग ताडून बघायला धडधाकट डोकं हवं म्हणून चंद्राबाईलाही आत घातलं.

"माजं डोकं धडधाकट हाय, हे आयकायला सासूबाई हव्या व्हत्या," ती म्हणाली.

बाईंनी दोघांचे फोटो उजेडावर लावले. "गाठ नाही," त्या आधी म्हणाल्या, आणि चंद्राबाईचा जीव भांड्यात पडला. "मेंदूत निरोप नेणाऱ्या तारांचा पांढरा भाग असतो. यांच्या त्या भागात थोडे डाग आहेत. ते आजाराचे की वयाचे, तेच आम्ही शोधतोय. पण कंपवात नक्की आहे. तो फोटोवरून नाही, यांच्याकडे बघून कळला. यात चेहरा हलत नाही, आवाज बसतो. गोळ्यांनी पुष्कळ आराम पडेल."

"म्हंजे ह्ये रागावले नायत?"

"त्यांनाच विचारा की."

चंद्राबाईनं धीर केला. "मैनेला आनली म्हनून राग हाय का वो मनात?"

येसाजीचे ओठ हलले. तिनं कान त्याच्या तोंडाशी नेला.

"राग कसला गं? ती आल्यापासून घरात हसनं आयकू येतं. ऱ्हाऊ दे तिला."

चंद्राबाईला रडू फुटलं, आणि रडता रडता ती नवऱ्यावरच घसरली. "मंग आदी सांगायला काय झालं व्हतं?"

"रोज सांगतो," येसाजी म्हणाला. "तुला आयकू जात नाय."