न तडकणारी बोंडं

सुदानमधल्या गदारिफच्या काळ्या रानात तिळाचं एक जुनं दुखणं आहे. बोंड वाळलं की तडकतं आणि निम्मा दाणा मातीत जातो. न तडकणारा तीळ मिळावा म्हणून डॉक्टर बक्री सहा वर्षं संकर करत होते. म्हणजे कागदावर ते, आणि शेतात सित्ताना. संध्याकाळी कळीतले पुंकेसर काढायचे, सकाळी दुसऱ्या जातीचा पराग लावायचा, खुणेचा दोरा बांधायचा. या विधवा बाईच्या हातचं फूल सहसा वाया जात नसे.

त्या वर्षी कापणी चार दिवसांवर आली होती. डॉक्टर खार्तूमला गेले होते. भर दुपारी शेजारच्या ज्वारीच्या धसकटांना कुणीतरी आग लावली आणि वारा तिळाकडे फिरला.

"मावशी, चढ गाडीत!" ड्रायव्हर हामिद ओरडला. "तीळ काय, परत पेरू!"

"हा कुठून आणशील? तुझ्या बापाच्या कोठारातून? गाडी बांधाला लाव!"

हजारभर झाडं, आणि कवेत मावणार किती? मग तिनं एक झाड उपटलं, उलटं धरून झटकलं. दाणे झरझर सांडले. फेकलं. दुसरं, दहावं, विसावं, तीच गत. धुरानं डोळे उघडेनात. मग एक झटकलं, तर दाणे आत खुळखुळले, पडला एकही नाही. ते तिनं अंगावरच्या तोबच्या पदरात गुंडाळलं.

हामिदनं दंड धरून ओढलं तेव्हा पदर पेटला होता. तिनं तो हातानंच विझवला. तळहात सोलून निघाला. झाडं वाचली नऊ.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर राखेत उभे होते. "ओळींच्या चिठ्ठ्या कुठायत? कुठलं झाड कुठल्या ओळीतलं?"

"जळल्या. मी सांगते, लिहून घ्या."

"आणि चुकलीस तर?"

"तर काढून टाका मला. पण आधी लिहा."

पुढच्या पावसाळ्यात नऊ ओळी पेरल्या. सात तडकल्या, त्यांची झाडं आगीच्या दिवशी अर्धी हिरवी होती, म्हणून दाणा पडला नव्हता, एवढंच. सित्तानाचा चेहरा उतरला. उरलेल्या दोन ओळी मात्र वाळून खडखडीत झाल्या तरी बोंडं मिटलेलीच. डॉक्टरांनी एक झाड झटकलं, पुन्हा झटकलं आणि हसायलाच लागले.

"एवढ्यात हसू नका," सित्ताना म्हणाली. "दाणा बारीक आहे. गावच्या तिळाशी पुन्हा संकर करावा लागेल."

"किती वर्षं?"

"तुम्ही शिकलेले. तुम्हीच सांगा. मी उद्यापासून कळ्या बघते."