दम घ्यायची जागा

परवा शेजारच्या हळदीला संध्याकाळी डीजे लागला आणि मांडवात आईचा आवाज आला. आई जाऊन तीन वर्षं झाली.

आई आमच्या आगरी गावातली धवलारीण. हळद लावताना धवले तीच गायची, संथ, प्रत्येक ओळीनंतर दम घेत. तिचं एकच रेकॉर्डिंग माझ्या मोबाइलमध्ये होतं. डीजेवाल्या मित्राने मागितलं, मी दिलं. पुढे मोबाइल खाडीत पडला, मूळ त्याच्याकडेही उरलं नाही. त्याने ओळी भरधाव वेगाने पळवल्या, खाली धडधडता ठोका घातला. "परदेशात याला हॅपी हार्डकोअर म्हणतात," तो म्हणाला होता, "आवाज लहान मुलीसारखा होतो, नाचायला जोर येतो." जोर आलाच. आज पंचक्रोशीत त्या गाण्याशिवाय हळद होत नाही.

खोटं कशाला बोलू, माझाही पाय हलला. पण आनंदाला एवढी घाई कसली असते? थांबलं तर मागून काही गाठेल, अशी भीती असते का?

बाबा स्पीकरला खुर्ची चिकटवून, डोळे मिटून बसले होते. गाणं संपल्यावर मी विचारलं, "बाबा, ओळखलंत?"

"आवाज तिचाच," ते म्हणाले. "पण मधी दम घ्यायची रं ती. तो कुठं गेला?"

नाचणाऱ्यांचा पाय अडतो म्हणून मित्राने तोच कापला होता. हे सांगायला मी बाबांच्या कानाशी वाकलो. तेवढ्यात पोरींनी ओरडून तेच गाणं पुन्हा मागितलं, आणि आई पुन्हा पळत सुटली.