मी गोळी खाल्ली नाय

"आजी, दुखण्याची गोळी घेतलीत ना तुम्ही?"

डाक्टरांनी हे इचारलं ते माज्याकडं बघून नाय, हातातल्या कागदाकडं बघून. महाडचं हॉस्पिटल होतं. माज्या हाताला रक्ताची बाटली लावलेली. सकाळी तोंडातून नळी घालून माजं पोट आतून बघितलं होतं, त्याला एन्डोस्कोपी बोलतात. नळीच्या टोकाला दिवा नि कॅमेरा असतो. त्यात दिसलं की माज्या पोटात जखम झालीय नि तिच्यातून रक्त गळतंय. त्या जखमंला अल्सर बोलतात.

मी बोलली, "नाय घेतली."

डाक्टरांनी माज्या लेकाकडं बघितलं. माज्या लेकानं, संतोषनं, खाली बघितलं. झालं. मी तिथंच खोटी ठरली.

ज्यांचं वजन उतरवायचं पोटाचं ऑपरेशन झालंय नाय तर व्हायचंय, त्यांनी हे ऐका. त्यांच्या घरच्यांनी आधी ऐका. माजी सून रेश्मा लिवून घेतेय. मध्येच तिचा हात थांबला की मला समजतं तिला लागलं. लागू दे.

आमची वाडी पोलादपूरच्या वर, डोंगरात. माजे गुडघे गेले त्याला बरीच वर्षं झाली. गुडघे बसले तशी मी बसली, मी बसली तसं अंग वाढलं, अंग वाढलं तसे गुडघे आणखी बसले. वरून थायरॉइड, म्हंजे गळ्यातली गाठ जी अंग चालवते ती मंद झालेली. वरून साखर. पण वाडीला कोण थायरॉइड सांगणार? वाडी मला शेठाणी बोलायची. एसटीत चढली की कंडक्टर बोलायचा, "मावशी, दोन शिटांचं तिकीट काढा." सगळी गाडी हसायची. दोन वेळची नाचणीची भाकरी नि कालवण, ह्यापरीस जास्त माज्या ताटात कधी पडलं ते मला कुणी सांगावं.

गुडघ्याच्या डाक्टरांनी सांगितलं, वाटी झिजलीय, बदलावी लागंल, पण ह्या वजनावर नाय बदलता येणार. आधी वजन उतरवा. मी इचारलं, चालल्याबिगर वजन उतरंल कसं? ते बोलले, पोटाचं ऑपरेशन करून.

संतोष महाडच्या एमआयडीसीत कामाला हाय. त्याच्या कंपनीच्या विम्यात ते बसलं. पनवेलला नेलं. ऑपरेशनचं नाव स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी. स्लीव्ह म्हंजे बाही. पोटाची पिशवी उभी कापून बाहीएवढी बारीक ठेवतात, बाकीची काढून टाकतात. पोट फाडत नायत, पाच भोकं पाडतात नि आत वारा भरतात. तो वारा मग दोन-तीन दिवस खांद्यात जाऊन बसतो. पोट कापलंय नि दुखतो खांदा. मला वाटलं भलतंच काय तरी कापलं. हे आधी कुणी सांगत नाय, म्हणून मी सांगते. घाबरू नका, चालत राहिलं की तो वारा जातो.

पहिलं नुसतं पाणी. तेही घोट घोट. दोन घोट घाईनं घेतले की छातीत दगड अडकल्यासारखं होतं. मग पातळ पेज, डाळीचं पाणी, ताक. गोळ्या अख्ख्या गिळायच्या नाय, कुटून घ्यायच्या. जीवनसत्त्वाची, लोखंडाची म्हंजे रक्तवाढीची, कॅल्शियमची, थायरॉइडची. सकाळी उपाशीपोटी पित्ताचं औषध, तेवढं मात्र कुटायचं नाय. साखरेची गोळी निम्मी झाली, ते एक बरं झालं.

नि गुडघ्याची गोळी बंद. जी मी वर्षानुवर्षं खात आलेली, पोलादपूरच्या बाजारात बिनचिठ्ठीची मिळते ती. ह्या ऑपरेशननंतर ती पोट जाळते. जन्मभर बंद. पॅरासिटामॉल म्हंजे आपली तापाची गोळी, तेवढी चालते. ती माज्या गुडघ्याला काय करणार? वणव्यावर तांब्याभर पाणी.

तरी मी बंद केली. सांगितलं तसं केलं. माज्या जुन्या गोळ्या वाडीवरच्या घरात डब्यात पडलेल्या होत्या. फेकायच्या राहिल्या, पण हात लावला नाय.

महाडला लेकाच्या खोलीवर राहिली ते दिवस मला आठवले तरी डोकं फिरतं. बघायला येणारी माणसं. जो येईल तो बिस्किटाचा पुडा घेऊन. आजाऱ्याच्या तोंडात काय घातलं नाय तर आलेल्याला बरं वाटत नाय. एकजण बोलली, "एवढं पोट कापून घेतलंस, आता तरी पोटभर खा." एकजण बोलली, सवच्या गरम पाण्याच्या कुंडात गुडघे बुडवून बस, सगळं दुखणं जातं. पोटाला भोकं असलेल्या बाईला कुंडात बसवायला निघाली. जी मला शेठाणी बोलायची तीच आता गालाला हात लावून बोलते, "किती गो सुकलीस." मी जाडी होती तेव्हा पण ह्यांना बघवत नव्हतं, सुकली तरी बघवत नाय.

म्हणून मी हट्ट धरला, मला वाडीवर सोडा. माजं घर हाय, दोन शेरडं हायत, दारात बसून श्वास घेता येतो. संतोष तयार नव्हता. तेव्हा माजी धाकटी जाऊ बोलली, मी बघीन बायला, म्हंजे मला. तिचं नाव चंद्री. तिचं दार माज्या दाराला लागून. तिचा घोव गेला, माजा गेला, तेव्हापासून आम्ही दोघीच एकमेकींना.

संतोषनं तिला सांगितलं, पेज पातळ कर, ह्या गोळ्या कुटून दे. एवढंच सांगितलं. काय द्यायचं ते सांगितलं, काय द्यायचं नाय ते नाय सांगितलं. पनवेलच्या डाक्टरांनी संतोषला बाहेर उभं करून सांगितलेलं, संतोषनं मला सांगितलं. पेज करणाऱ्या बाईला कुणीच नाय.

वाडीवर गेल्यावर पहिले दिवस हालाचे गेले. मग एक दिवस गुडघा हलका लागला. दुसऱ्या दिवशी आणखी हलका. मला वाटलं, वजन उतरलं ते लागू पडलं. मी काठी घेऊन देवळापर्यंत गेली. कितीतरी दिवसांनी गेली. पायरीवर बसली नि एकटीच हसली. चंद्रीला बोलली, "बघ, डाक्टर बोलले ते खरं हाय." ती पण हसली.

आठवडा असा गेला. मग पोटात जाळ. मग शौचाला काळं, डांबरासारखं. हे ध्यानात ठेवा, काळं झालं तर ते रक्त असतं, जळून काळं झालेलं. मला हे माहीत नव्हतं. मला वाटलं लोखंडाच्या औषधानं असंल. मग एक दिवस गोठ्यात शेरडाला पाला टाकताना डोळ्यापुढं अंधारी आली नि मी पडली. उलटी झाली ती चहाच्या चोथ्यासारखी. वाडीतल्या पोरांनी खुर्चीत घालून जीपपर्यंत नेलं.

तर ते हॉस्पिटल नि तो डाक्टरांचा प्रश्न.

संतोष माज्या घरी कपडे आणायला गेला होता. डबा उघडून बघितला. गोळ्यांची दोन पाकिटं रिकामी. ती त्यानं आणून माज्या खाटंवर टाकली.

"आये, आता तरी खरं बोल."

मी बोलली, "मी खाल्ली नाय."

रेश्मा बोलली, "आई, दुखत असेल तर आम्हाला सांगायचं होतं ना. चोरून कशाला?"

चोरून. माज्या घरात, माज्या डब्यातनं, मी चोरून. मी बाळंतपणं घरातच केली, एका लेकराला दोन दिवस ताप राहून मातीत घातलं, तेव्हा रडली नाय नि खोटं बोलली नाय. आता गुडघ्यासाठी चोरी करीन?

नर्स आली ती पण समजावायची, "आजी, मोठ्या माणसांनी असं करायचं नसतं." तान्ह्या पोराला समजावतात तसं. एक गोष्ट तुम्हाला सांगते. म्हातारी बाई, अडाणी बाई, जाडी बाई, ह्यातलं एक असलं तरी माणसं तुमचं निम्मं ऐकतात. मी तिन्ही होती.

नि मग संतोष बोलला, "आता वाडी बस झाली. घर बंद करू. शेरडं इकून टाकू. तू हितंच राहायचं, डोळ्यांसमोर."

तेव्हा माज्या पोटात जे जळलं ते अल्सरनं नाय. मी खोटी ठरली त्याची ही शिक्षा होती. न केलेल्या गोष्टीची. लेकाच्या त्या खोलीत दोन खिडक्या, दोन्हीतनं दुसऱ्याची भिंत दिसते. तिथं मी मरायचं.

पडल्या पडल्या मी इचार केला. गुडघा हलका कधीपासून झाला? वाडीवर गेल्यावर लगेच नाय. महाडला असताना तर नायच. नि हॉस्पिटलात आल्यापासून पुन्हा पयल्यासारखा दुखतोय. वजन काय दोन दिवसांत परत चढलं? नाय. मग गुडघ्याला कशानं बरं वाटलं होतं? माज्या तोंडात काय जात होतं? चंद्रीच्या हातची पेज नि चंद्रीनं कुटलेल्या गोळ्या. कुटलेलं सगळं कडूच. त्यात एक जास्त कडू असंल तर कळणार कसं?

चंद्री एसटीनं आली. कुळथाचं कढण घेऊन आली, गाळून. बाजूला स्टुलावर बसली. संतोष ड्युटीला, रेश्मा खाली चहाला गेलेली.

मी बोलली, "चंद्रे, माज्या पेजंत काय घातलंस?"

ती कढणाचं झाकण लावत बसली. लागलेलं झाकण पुन्हा लावलं.

"तुजीच गोळी होती गो, बाय," ती बोलली. "तुज्याच डब्यातली. परकी नाय घातली."

"का घातलीस?"

"तुजं कण्हणं ऐकवत नव्हतं."

"मी कधी कण्हली?"

"झोपंत कण्हतेस. भिंतीपलीकडं मला ऐकू येतं. जागी असलीस की इचारलं तर बोलतेस, नाय दुखत. मग मी काय करू?"

मला राग आला. अजून हाय. तिनं रक्त काढलं त्याचा नाय एवढा. देवळाच्या पायरीवर मी हसली ती माजी चाल नव्हती, गोळीची होती, नि हे तिला ठाव होतं, नि ती पण माज्यासंगं हसली. त्याचा.

मी बोलली, "हे संतोषला सांगायचं. डाक्टरांना सांगायचं."

ती घाबरली. बोलली, "संतोष मला दारात उभी नाय करणार."

मी बोलली, "तुला दारात उभी नाय करणार. मला तर माज्याच घरात जाऊ देत नाय."

संध्याकाळी डाक्टर आले तेव्हा संतोष पण होता. चंद्री उभी राहून बोलली. पदर तोंडाशी होता, पण सगळं बोलली. डाक्टरांनी कपाळाला हात लावला. ह्या गोळीवर कवच असतं, पोटात लगेच फुटू नये म्हणून. हिनं कुटून ते पण काढून टाकलं, असं बोलले. मग बोलले, "काय हा अडाणीपणा."

मी बोलली, "तिला कुणी सांगितलंच नाय, तर ती अडाणी कशी? मला सांगितलं होतं, मी ऐकलं. मी नाय बोलली तेव्हा तुम्ही ऐकलं नाय."

मग डाक्टरांनी स्टूल ओढलं, चंद्रीसमोर बसले नि एकेक गोळी हातात घेऊन सांगितलं, ही चालते, ही नाय, हिचं नाव दुसरं असलं तरी नाय. तेवढं सांगायला चहा गार व्हायला लागतो तेवढाच वेळ लागला. तेवढा वेळ आधी कुणाकडं नव्हता. जाताना मला बोलले, "आजी, माझं चुकलं." ते मी ठेवून घेतलं.

संतोष तसं बोलला नाय. जीप केली, मला वाडीवर सोडलं, टॉयलेटची उंच खुर्ची स्वतःच्या खांद्यावरून चढावर नेली, शेरडं गोठ्यात बांधली. मला ते पुरं पडलं नाय. हे पण लिव गो रेश्मा.

माज्या अंगात दोन बाटल्या रक्त गेलं. कुणाचं ते मला कुणी सांगितलं नाय. ज्यानं दिलं त्यानं माजं वजन इचारलं नाय, मी खरी का खोटी ते इचारलं नाय. त्या माणसाला माजे हात जोडलेले हायत.

आता जखम भरलीय. वजन उतरतंय. गुडघा बदलायचं पुढं बघू, आधी पोट नीट होऊ दे, बोललेत. तोवर गुडघा दुखतो. पुरता दुखतो. चंद्रीशी मी काय दिवस बोलली नाय. ती पेज ठेवून जायची, मी खायची. गोळ्या माज्या दारात बसून, मला दिसंल अशा कुटायची.

परवा कुटता कुटता तिनं इचारलं, "दुखतंय काय गो?"

मी नायच बोलणार होती. तोंडात आलं होतं.

"दुखतंय," मी बोलली.

"किती?"

"लय."

तिनं बत्ता खाली ठेवला. मग माजा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला नि चोळत बसली. गोळीनं जेवढं थांबलं होतं तेवढं काय थांबलं नाय. पण ह्या येळी जे काय थोडं कमी झालं, ते कशानं झालं ते मला ठाव होतं.