बुडबुडेसर

बुडबुडेसर माणसाच्या तोंडाकडे बघून कधी बोलले नाहीत. बोलायचे ते काचेच्या नळीकडे बघत. रत्नागिरीच्या आमच्या कॉलेजात ते रसायनशास्त्र शिकवायचे, मी प्रयोगशाळेत सहायक. बारा वर्षं एका खोलीत काढली, पण मी मिशी काढली तेव्हा त्यांना महिन्याने कळलं. नळीतल्या बुडबुड्यांचं मात्र कोण कौतुक! पोरांनी नाव ठेवलं, ते चिकटलं.

त्यांचा उद्योग असा: धातू आणि सेंद्रिय आम्ल यांचे जाळीदार स्फटिक करायचे, ते कार्बनच्या पट्टीवर लावून पाण्यात बुडवायचे आणि वीज सोडायची. स्फटिक जमला, तर थोडक्या विजेत पाणी फुटून हायड्रोजन मिळणार. तेव्हा असल्या जाळ्या विणणारे जगातच मोजके, रत्नागिरीत एकटे हेच. त्यात आमची दमट हवा. डबी उघडी राहिली की स्फटिकांचं पीठ. मग बल्ब लावलेल्या लाकडी पेटीत ते जपायचे. वीज गेली तर हातखंब्याहून आणलेली ट्रकची जुनी बॅटरी होती.

घरीही एकटेच. बायको लवकर गेलेली, भाऊ कुवेतला तेलाच्या कंपनीत. "तू पाण्यातून गॅस काढलास तर आम्ही परत येऊन बांगडेच विकायचे ना रे?" अशी भाऊ चेष्टा करायचे. एका ईदला ते आले नाहीत. दुपारी सर शिरखुर्म्याचा डबा घेऊन प्रयोगशाळेत हजर. "मोरे, दोन चमचे आणा," म्हणाले.

दोन हजार सालानंतर कधीतरी जमलं. भराभर बुडबुडे आले, परदेशी नियतकालिकाने निबंध घेतला, प्राचार्यांनी फाटकाजवळच्या फळ्यावर अभिनंदन लिहिलं. सर म्हणाले, "आता पत्रं येतील. कोणीतरी विचारेल, हे कसं केलंत?" त्यांना तेवढंच हवं होतं.

आठवड्याने त्यांनी स्फटिक न लावलेली कोरी पट्टी लावून पाहिली. बुडबुडे तेवढेच. पट्टी धरणारा प्लॅस्टिकचा चिमटा मोडला म्हणून मी बाजारातून स्टीलचा आणला होता. त्याचं टोक पाण्यात बुडत होतं, आणि सगळं काम त्या स्टीलमधलं निकेल करत होतं. मी हळूच म्हणालो,

"छापून येऊ दे सर, कोणाला कळतंय?"

"तुम्हाला कळलं, मला कळलं. दोघं झालो की."

त्यांनी निबंध मागे घेतला. पत्रात लिहिलं, चूक माझी. चिमटा कोणी आणला ते प्राचार्यांनाही सांगितलं नाही. प्राचार्य भडकले. "फळा आता तुम्हीच पुसा," म्हणाले.

भर मधल्या सुट्टीत सर डस्टर घेऊन गेले. आम्ही सगळे व्हरांड्यात. कोणीतरी हसलं. खालच्या ओळी पुसल्या, पण सर बुटके, वरच्या ओळीला हात पोचेना. त्यांनी दोनदा टाचा उंचावल्या. मग वळून व्हरांड्याकडे, सरळ माझ्या तोंडाकडे बघितलं.

मी सहा फूट उंच आहे. मी जागचा हललो नाही.